पडीक जागेतील यतना

मराठवाड्यातील बहुतेक शहरांत जैन समाजाच्या संस्थांची स्वतःची मालमत्ता आहे. मंदिर, स्थानक, धर्मशाळा, भोजनशाळा, पाठशाळा, कुठे एखादी गोशाळा. या वास्तूंच्या मागे पुष्कळदा चार-पाच गुंठे मोकळी जागा असते. वडीलधाऱ्यांनी दूरदृष्टीने ती घेऊन ठेवलेली असते, पुढे विस्तार काही होत नाही. मग तेथे गाजरगवत माजते, वेडी बाभूळ वाढते, बांधकामाचा राडारोडा येऊन पडतो आणि शेजारपाजारचा कचराही तेथेच येतो. पर्युषणापूर्वी मजूर लावून जागा साफ केली जाते आणि कित्येकदा तो ढीग तेथेच पेटवून दिला जातो. त्या आगीत किती जीव होरपळले, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

अशा जागेवर समाजाने मिळून विषमुक्त भाजीची बाग करावी, असा विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघाला की एक आक्षेप हमखास येतो. माती खणणे ही पृथ्वीकायाची विराधना आहे, पाणी घालणे ही अप्कायाची आहे आणि कीड तर डोळ्यांना दिसते. मग श्रावकाने हे पाप आपल्या हाताने का ओढवून घ्यावे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाचे जे पंधरा कर्मादान सांगितले आहेत, त्यांत भूमी फोडण्याचा व्यवसाय, म्हणजे फोडीकर्म, आहे. लातूर-नांदेडच्या मोंढ्यांत अडत, धान्य, कापूस आणि कापड यांत स्थिरावलेल्या व्यापारी घराण्यांनी नांगराला हात लावला नाही, त्यामागे व्यवसायाची सोय होती, तशी ही धारणाही होती.

परंतु त्याच सूत्रातील पहिली कथा आनंद श्रावकाची आहे. वाणिज्यग्रामच्या या गृहपतीने भगवान महावीरांकडे व्रते घेतली, तेव्हा शेती सोडली नाही. तिला मर्यादा घातली. पाचशे नांगरांची भूमी आणि दहा-दहा हजार गाईंचे चार गोकुळ, याहून अधिक नाही, असे परिमाण त्याने केले. दिगंबर परंपरेतही भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविल्याचे सांगितले आहे. त्यांत कृषी आहे आणि वाणिज्यही आहे. गृहस्थाचे जीवन पूर्णतः निर्दोष असू शकत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले होते. म्हणून त्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले. मारण्याच्या इराद्याने होणारी संकल्पी हिंसा गृहस्थालाही सर्वथा वर्ज्य मानली आणि जी टळत नाही ती यतनेने कमीत कमी करण्यास सांगितले.

आता बाजारातून येणाऱ्या भाजीकडे या दृष्टीने पाहावे. कोबी, भेंडी, टोमॅटो यांवर पेरणीपासून तोडणीपर्यंत अनेकदा कीटकनाशक फवारले जाते. फवारणीचा उद्देश कीड मारणे हाच असतो. नावातच तो सांगितलेला आहे. मातीचा वाफा करताना नकळत होणारी विराधना आणि जाणूनबुजून केलेली ही फवारणी यांत जास्त दोष कशात आहे, हे ठरविण्यास मोठ्या पांडित्याची गरज नाही. कर्म स्वतः केले, दुसऱ्याकडून करविले किंवा त्याला अनुमोदन दिले, तिन्ही मार्गांनी ते बांधले जाते, हे प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाजीला किडीचा एक डागही नको, असा आग्रह धरून जो पैसे मोजतो, त्याचे हात मातीने मळलेले नसतात. तेवढ्याने ते दोषमुक्त ठरत नाहीत. म्हणून प्रश्न माती खणावी की नाही इतकाच उरत नाही. आपल्या ताटासाठी होणारी विराधना डोळ्यांआड होऊ द्यावयाची, की डोळ्यांसमोर आणून ती कमी करावयाची, असा तो आहे.

पडीक जागेतून अन्न कसे उभे राहते, याचा धडा याच प्रदेशातील ग्रामीण स्त्रियांनी घालून दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. समाजाच्या दातृत्वाचे ते उज्ज्वल पान आहे. त्याच पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना घरबांधणीच्या कामात ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. ज्या स्त्रिया ग्रामसभेत बोलत नव्हत्या, त्या सिमेंट आणि वाळूचा हिशेब विचारू लागल्या.

पुढे दुष्काळाची वर्षे आली. सोयाबीन, कापूस किंवा ऊस या नगदी पिकांवर सारे शेत लावलेल्या घरांत पैसा बुडाला आणि खायलाही विकत आणावे लागले. तेव्हा या संस्थेशी जोडलेल्या स्त्रियांनी घरच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर तुकडा स्वतःसाठी मागितला. घरातील पुरुष आपले उत्तम शेत सहजासहजी देत नसत, तेव्हा हलक्या, दुर्लक्षित तुकड्यावरही समाधान मानावे लागे. त्यावर त्यांनी एकच पीक न लावता भाजीपाला, कडधान्ये आणि ज्वारी-बाजरी यांची मिश्र लागवड केली. बियाणे घरचे राखले, खत घरी केले, पाणी मोजून दिले. पहिला वाटा घरच्या ताटाला आणि उरले ते बाजाराला, हा नियम ठेवला. या एक एकर शेतीच्या कामाची दखल घेऊन संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २०१६ मध्ये स्वयम् शिक्षण प्रयोगाला इक्वेटर पुरस्कार दिला.

त्याच २०१६ मध्ये लातूर शहराची ओळख मात्र निराळ्याच कारणाने देशभर झाली. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली जलदूत गाडी आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एकाच प्रदेशात, एकाच दुष्काळात, शहर गाडीची वाट पाहत होते आणि काही स्त्रिया मोजक्या पाण्यावर घरचे ताट सांभाळत होत्या.

शहरातही हे घडू शकते, याचे उदाहरण मुंबईत आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तेथील खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये बाग सुरू केली. जमीन अशी नव्हतीच. हजारो कर्मचाऱ्यांच्या जेवणातून निघणारी साले, देठ आणि पालापाचोळा यांपासून माती तयार झाली आणि तिच्यावर फळझाडे व भाज्या उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून मांडलेला, स्वतः करून पाहण्याचा विचार त्यामागे होता. ज्या समाजाच्या भोजनशाळांत रोज भाजी निवडली जाते, त्याला हे उदाहरण परके वाटू नये.

मात्र जैन संस्थेची बाग ही कोणत्याही सेंद्रिय बागेची नक्कल असू शकत नाही. सेंद्रिय म्हणजे अहिंसक, असा एक सोयीचा गैरसमज आहे. हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी आणि मासळीचे खत ही सारी सेंद्रिय खतेच आहेत आणि दुकानात ती याच नावाने मिळतात. म्हणून पिशवीवरचा शब्द पाहून न थांबता घटक वाचावे लागतात. गांडूळ खताच्या बाबतीतही गांडुळे विकत आणणे, त्यांना कोंडणे, चाळताना त्यांना होणारी इजा, याचा विचार करावा लागतो. त्यापेक्षा पालापाचोळा, गोशाळेचे शेण, निंबोळी व करंजाची पेंड आणि मोंढ्यात सहज उपलब्ध असलेले सोयाबीन व तुरीचे भुसकट पुरेसे आहे. गांडुळे ओलाव्याला आपली आपण येतात आणि आपल्या मनाने राहतात. जीर्ण झालेले तागाचे बारदान वाफ्यांवर अंथरले तर तेही उत्तम आच्छादन होते. व्यापाऱ्याच्या वखारीत जे टाकाऊ म्हणून पडून असते, त्यातील बरेच काही येथे भांडवल ठरते.

खणण्याचा काळही विचारपूर्वक निवडावा. पावसाळ्यात जीवोत्पत्ती विपुल असते, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवितात. तोच न्याय मातीला लावला तर वाफे चैत्र-वैशाखात, जमीन कोरडी व तापलेली असताना, एकदाच करून घ्यावेत. शेतकरीही उन्हाळी मशागत तेव्हाच करतो. गादीवाफे एकदा केले, त्यांवर आच्छादन कायम ठेवले आणि दोन वाफ्यांमधून चालण्याची वाट आखून दिली की पुन्हा पुन्हा खणावे लागत नाही. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटून खड्ड्यात घातले तर त्याचेही खत होते. जाळणे मात्र पूर्ण बंद असावे. काम सूर्योदयानंतर, पायाखालचे स्पष्ट दिसू लागल्यावरच सुरू करावे.

किडीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. चिकट सापळे, प्रकाश सापळे आणि कामगंध सापळे सेंद्रिय शेतीत सर्रास वापरले जातात, पण त्यांत कीटक मरतात. जैन संस्थेच्या बागेत त्यांना स्थान नसावे. लावणी होताच वाफ्यांवर बारीक नायलॉनची जाळी ताणली, एका जातीचे रोप सलग न लावता मिश्र लावले आणि कडेने झेंडू ठेवला, तर उपद्रव पुष्कळ कमी होतो. निंबोळी अर्काने पान कडू होऊन कीड दूर राहते, पण अळ्या पडल्यानंतर तो फवारणे हा त्यांच्या वाढीवरच घाव आहे. म्हणून तो आधी तरी फवारावा, नाही तर मुळीच फवारू नये. अळी लागलेली पाने खुडून दूरच्या एका वाफ्यात ठेवावीत आणि तो वाफा जीवांसाठी सोडून द्यावा. त्यातून एक तोडा कमी निघेल. जीवदयेच्या पेटीत नोट टाकणाऱ्या समाजाला चार जुड्यांचे हे नुकसान सोसवण्यासारखे आहे.

काय पेरावे, याचा निर्णय महिला मंडळाकडे असावा. एक एकर शेतीचा धडा तोच आहे. ताटाचा विचार करणाऱ्या व्यक्तीने जमिनीचा निर्णय घेतला, तेव्हा ताट भरले. घराघरांत कोणत्या तिथीला काय चालते, हे श्राविकांना तोंडपाठ असते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा यांचा प्रश्नच येत नाही. वांग्यालाही अनेक घरे बहुबीज म्हणून वर्ज्य मानतात. बाग ऐन भरात येते ती पावसाळ्यात आणि नेमक्या त्याच चातुर्मासात अनेक कुटुंबे पालेभाजीचा त्याग करतात. हे लक्षात न घेता जुलैत मेथी-पालकाचे वाफे लावले तर पर्युषणात ती भाजी कोणी नेणार नाही आणि पहिल्याच वर्षी उत्साह मावळेल. म्हणून आषाढ ते कार्तिक तूर, मूग आणि चवळी ही वाळवून ठेवता येणारी कडधान्ये असावीत. त्यांच्या मुळांवरील गाठी मातीत नत्रही साठवतात. सोबत दोडका, दुधी, भेंडी, गवार यांचा मर्यादित वेल-वाफा असावा. कार्तिकी पौर्णिमेनंतर, पाने खाण्याचा नियम सुटेल तेव्हा, मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू यांची फेरी घ्यावी. मराठवाड्याच्या थंडीत पालेभाजी उत्तम येते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरांसाठी तोडणीचे वार तिथी पाहून ठेवावेत.

पाण्याचा हिशेब सर्वांत आधी करावा. लातूरचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ८०० मिलिमीटर आहे. धर्मशाळेचे छत ६०० चौरस मीटर असेल, तर सरासरी वर्षात त्यावर ४ लाख ८० हजार लिटर पाणी पडते. पहिल्या जलदूत गाडीने आणले जवळजवळ तेवढेच. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी पावणेचार लाख लिटरहून अधिक पाणी गाळून टाकीत व बोअरच्या पुनर्भरणाला घालता येते. पाच गुंठे भाजीला कडक उन्हाळ्यात रोज सुमारे अडीच हजार लिटर लागते. ठिबक आणि आच्छादन असेल तर त्याहून कमी. ठिबकमध्ये ओल मुळापुरतीच राहते, म्हणजे अप्कायाची विराधनाही तेवढीच मर्यादित होते. पाणी गाळून जिवाणी परत जलाशयात सोडणाऱ्या परंपरेला पाण्याची काटकसर नव्याने शिकवावी लागू नये. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा आधार आहे, म्हणून तेथे हा हिशेब सैल करून चालणार नाही. आणि एक नियम पहिल्याच सभेत लिहून ठेवावा. ज्या वर्षी शहरात टँकर फिरू लागतील, त्या वर्षी भाजीचे वाफे कोरडे राहतील आणि केवळ झाडे जगविली जातील. शेजारी घागर घेऊन रांगेत उभा असताना संस्थेच्या बागेत पाणी खेळणे शोभणारे नाही.

कायद्याची अडचण अनेकदा पुढे केली जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यावयाची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परंतु बाग संस्थेनेच चालविली तर भाडेपट्ट्याचा प्रश्न येत नाही. विश्वस्तांचा ठराव करून तो कार्यवृत्तात नोंदवावा. माती तपासून घ्यावी. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, लातूर येथील आणि नांदेड जिल्ह्यातील सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र यांचे मार्गदर्शन हाताशी आहे. जेथे पूर्वी रंग, तेल किंवा रसायनांचा कचरा पडत होता, तेथे मात्र खाण्याची भाजी न लावता फुलझाडे आणि सावलीची झाडे लावावीत.

खरी कसोटी यानंतर आहे. या समाजाला पैसा उभा करणे कठीण नाही. बागेच्या प्रवेशद्वारावर दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी पहिल्या आठवड्यात लागेल. कठीण आहे ते आठवड्यातील दोन तास देणे. लग्नसराई येते, दिवाळीचा हंगाम येतो, मोंढ्यात तुरीची आवक वाढते आणि बाग माळ्याच्या भरवशावर राहते. यावर उपाय व्यापाऱ्यांना अवगत आहे, तो म्हणजे वही. वीस कुटुंबे निघाली, तर आठवड्याला दोन कुटुंबांची पाळी दर दहा आठवड्यांनी येते. रोजमेळात चार रकाने असावेत: किती पाणी दिले, कोणी किती तास काम केले, किती किलो निघाले, कोणाला दिले. वही स्थानकाच्या वा मंदिराच्या ओट्यावर उघडी असावी. माळी नेमला तर त्याला योग्य वेतन आणि भाजीचा वाटा मिळावा. त्याच्या श्रमावर समाजाचे श्रमदान मिरवले जाऊ नये.

वाटपाचाही क्रम असावा. पहिला हिस्सा भोजनशाळेला, दुसरा अडचणीतील साधर्मिक कुटुंबांना, तोही गाजावाजा न करता घरपोच, आणि मग सभासदांना वाजवी दराने. साधू-साध्वींच्या गोचरीसाठी म्हणून मात्र एकही वाफा नसावा. त्यांच्या निमित्ताने केलेला आहार त्यांना चालत नाही आणि त्यांच्या नावावर बागेचा आरंभ टाकणेही योग्य नाही. ही गृहस्थांची जबाबदारी आहे, तिचा दोष आणि तिचे श्रेय दोन्ही गृहस्थांचेच.

किल्लारीच्या वेळी समाज एका रात्रीत धावून गेला. संकटात धावणे ही त्याची सिद्ध झालेली शक्ती आहे. संकट नसलेल्या साध्या वर्षात, स्वतःच्या दाराशी पडलेल्या पाच गुंठ्यांकडे रोज लक्ष देणे, ही त्याहून शांत आणि अवघड साधना आहे. पाठशाळेतील मुलांना एकेंद्रिय ते पंचेंद्रिय जीवांचे भेद पाठ करून घेतले जातात. बागेत ते भेद त्यांच्यासमोर हालचाल करतात. पाय कोठे ठेवावा, पाणी किती ओतावे, कोणते पान सोडून द्यावे, हे ठरविताना यतना हा शब्द त्यांना अर्थासह कळेल. येत्या पर्युषणापूर्वी मागच्या जागेची साफसफाई होईलच. तेव्हा काडेपेटी बाजूला ठेवून एका कोपऱ्यात खताचा खड्डा जरी केला, तरी जीवदयेचे काम तेथून सुरू झाले असे समजावे.